गावच्या रेडिओला बातमी सांगू द्या

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

महोदय,

पंचगंगेला पाणी चढू लागले की कोल्हापूरकर एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : राजारामला किती फूट? कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ वर गेले की धोका. हे आकडे शहरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी ५५ फुटांच्याही वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली बुडाला, दुधाच्या आणि पेट्रोलच्या गाड्या अडकल्या, नदीकाठच्या गावांतली माणसे वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर जाऊन बसली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले.

अशा वेळी माणसाला काय हवे असते? कोणता रस्ता चालू आहे, कोणत्या पेठेत पाणी शिरले, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, अलमट्टी धरणातून किती विसर्ग सुरू आहे, बोट कुणाकडे मागायची आणि मागूनही ती आली नाही तर जाब कुणाला विचारायचा. या प्रश्नांची उत्तरे शोधणारे बातमीदार शहरात होते, तालुक्यांत होते. पण रस्ता बुडाला की छापलेला अंक गावात जात नाही. वीज गेली की टीव्ही बंद पडतो आणि मोबाइल फार तर दिवसभर तग धरतो. दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र माळ्यावरही वाजतो. त्या रेडिओवरच्या खासगी केंद्राला आपल्याच गावची बातमी स्वतः मिळवून सांगण्यास या देशात मनाई आहे. ही मनाई उठवावी, एवढ्यासाठी हे पत्र.

प्रश्न नुसत्या रेडिओचा असता तर तो करमणुकीच्या धंद्याचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. पण जिल्ह्याच्या पातळीवर वृत्तपत्र आणि रेडिओ आज अनेक ठिकाणी एकाच छपराखाली आले आहेत. ‘पुढारी’ हे कोल्हापूरचे वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या आधीपासून निघते, आणि त्याच समूहाचे ‘टोमॅटो एफएम’ ९४.३ मेगाहर्ट्झवर शहरात ऐकू येते. ‘दिव्य मराठी’ २०११ साली तेव्हाच्या औरंगाबादेतून सुरू झाले. ते चालवणाऱ्या डी. बी. कॉर्प कंपनीची ‘माय एफएम’ केंद्रे नाशिक, जळगाव, सोलापूर, अकोला अशा शहरांत आहेत. केरळात मल्याळ मनोरमाचे ‘रेडिओ मँगो’ आणि मातृभूमीचे ‘क्लब एफएम’ याच पद्धतीने चालतात. म्हणजे मालक तोच, शहर तेच, बातमीदारही घरचाच. त्याने संध्याकाळी सहा वाजता आणलेली बातमी रात्री छापली जाते, संकेतस्थळावर जाते, मोबाइलवर व्हिडिओ होऊन फिरते. फक्त शेजारच्या स्टुडिओतल्या माइकपर्यंत गेली की ती बेकायदा ठरते.

नियम नेमका काय आहे, हे आपल्या मंत्रालयाला ठाऊकच आहे, पण वाचकांसाठी तो येथे मांडायला हवा. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचे धोरण जुलै २०११ मध्ये आले. त्यानुसार खासगी केंद्राला बातम्या द्यायच्या असतील तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, त्यात काना-मात्रेचाही बदल चालत नाही. याखेरीज काही गोष्टी ‘बातमी नव्हे’ असे मानून मोकळ्या ठेवल्या आहेत : रहदारी आणि हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम व सण, परीक्षा, निकाल, प्रवेश आणि नोकरीच्या संधी, स्थानिक खेळांचे वर्णन, आणि वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती किंवा आरोग्य यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना.

हे शेवटचे शब्द जरा थांबून वाचण्यासारखे आहेत : ‘प्रशासनाने दिलेल्या’. नगरपालिकेने कळवले की उद्या अमुक प्रभागात पाणीपुरवठा बंद राहील, तर रेडिओ ते सांगू शकतो. त्या प्रभागात चौथ्या दिवशीही नळाला पाणी आले नाही, बायका रिकाम्या घागरी घेऊन पालिकेसमोर बसल्या, मुख्याधिकारी जागेवर नव्हते आणि जलवाहिनीच्या दुरुस्तीची निविदा महिनोन्महिने पडून आहे, हे मात्र त्याला सांगता येत नाही. पहिली सूचना झाली, दुसरी बातमी. पुरातही हाच भेद आड येतो. ‘नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे’ हे रेडिओवर चालते. ‘सुरक्षित स्थळी न्यायला बोटच आलेली नाही’ हे चालत नाही. २०१९ च्या पुरानंतर अलमट्टीच्या पाणीसाठ्यावरून सांगली-कोल्हापुरात मोठा वाद पेटला. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये अहवाल देऊन पुराचा दोष अलमट्टीकडे जात नसल्याचे म्हटले, तरी वाद थांबला नाही. वृत्तपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले, कारण ते त्यांचे कामच होते. त्याच शहरातल्या खासगी रेडिओवर एखाद्या जलसंपदा अभियंत्याला आणि एखाद्या शिरोळच्या शेतकऱ्याला समोरासमोर बसवून तासभर बोलते करता आले असते. नियमाने ती वाट बंद ठेवली.

या मनाईचे मूळ जुने आहे. १८८५ च्या तार कायद्याने रेडिओलहरी सरकारच्या मुठीत ठेवल्या आणि स्वातंत्र्यानंतरही ती मूठ सैल झाली नाही. तिला पहिला मोठा धक्का ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयात बसला. वाद क्रिकेटचा होता. १९९३ च्या हीरो कपचे सामने दूरदर्शनखेरीज दुसऱ्या कुणी दाखवावेत की नाही, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात जुंपली होती. त्या खटल्यात न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे ठरवले. त्यांवर सरकारची मक्तेदारी असू नये आणि त्या नुसत्या खासगी धनिकांच्याही हाती जाऊ नयेत, लोकांच्या हितासाठी त्यांचे नियमन व्हावे, हा त्या निकालाचा गाभा. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत पी. बी. सावंत होते. पुढे १९९५ ते २००१ या काळात ते भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष होते. वृत्तपत्र आणि प्रसारण या दोन्हींचा इतक्या जवळून विचार करायला मिळालेला माणूस विरळाच, आणि तो महाराष्ट्राने दिला याचा अभिमान वाटतो.

निकालानंतर २००१ मध्ये बेंगळुरूत पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले. मग दुसरा टप्पा, तिसरा टप्पा. आज देशातल्या शंभरहून अधिक शहरांत पावणेचारशेवर खासगी केंद्रे आहेत. गाणी आली, जाहिराती आल्या, हास्यविनोद आला. बातमी आली नाही. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये या मनाईविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१७ मध्ये न्यायालयाने सरकारला कारण विचारले तेव्हा सुरक्षेचा मुद्दा पुढे आला : इतक्या केंद्रांवर काय बोलले जाते यावर लक्ष ठेवण्याची यंत्रणा नाही, समाजविघातक शक्ती त्याचा गैरफायदा घेतील.

हा मुद्दा हलका नाही. दंगलीच्या वेळी माइकवरून आलेली एक खोटी ओळ काय करू शकते, हे १९९४ च्या रवांडात जगाने पाहिले आहे. पण तो मुद्दा आजच्या भारतात रेडिओपुरताच का लागू व्हावा? चोवीस तास बातम्या देणाऱ्या शेकडो वाहिन्यांना याच मंत्रालयाने परवाने दिले आहेत. कोल्हापूर-सोलापूरसारख्या शहरांत केबलवर स्थानिक बातम्या रोज दिसतात. तालुक्या-तालुक्यात यूट्यूबवर वृत्तवाहिन्या निघाल्या आहेत, आणि त्या चालवणाऱ्यांपैकी कित्येकांचा ठावठिकाणा शोधायचा म्हटले तर पोलिसांची दमछाक होईल. उलट एफएम केंद्राचा पत्ता, मालक, मनोरा आणि वारंवारता सरकारच्या दप्तरात नोंदलेली असते. प्रसारणाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते. चूक केली तर परवाना जाण्याची टांगती तलवार असते. ज्याच्यावर सर्वांत सहज लक्ष ठेवता येईल, नेमके तेच माध्यम आपण गप्प ठेवले आहे.

सरकारच्याच नियामकालाही हे पटलेले दिसते. ५ सप्टेंबर २०२३ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम देऊ द्यावेत अशी शिफारस केली. दहा मिनिटे थोडी वाटतात, पण जिल्ह्याची बातमी दहा मिनिटांत पुष्कळ सांगता येते. धरणसाठा, बाजार समितीतला कांद्याचा भाव, रद्द झालेली एसटी, जिल्हा परिषदेचा निर्णय, सिव्हिल हॉस्पिटलमधली औषधटंचाई एवढे सगळे त्यात मावते.

आता वृत्तपत्रांच्या बाजूने. सोलापूरचा ‘संचार’, साताऱ्याचा ‘ऐक्य’, चिपळूणचा ‘सागर’, लातूरचा ‘एकमत’, नांदेडचा ‘प्रजावाणी’, नाशिकचा ‘देशदूत’, अकोल्याची ‘देशोन्नती’, बेळगावचा ‘तरुण भारत’ : महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या नकाशावर ही नावे शहरांच्या नावांना चिकटलेली आहेत. मुंबई-पुण्यातला वाचक यांच्याकडे कमी लक्ष देतो, पण जिल्ह्यातल्या माणसाचा दिवस यांच्यावर चालतो. निधनवार्ता येथे येते आणि तीवरून दहाव्याला कुणी जायचे ते ठरते. जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस येथे छापली जाते आणि परगावी राहणाऱ्या भावाला कळते की वडिलोपार्जित रान विकायला निघाले आहे. ग्रामसेवकाच्या बदलीपासून साखर कारखान्याच्या निवडणुकीपर्यंत सगळे येथे असते.

हे सगळे ज्याच्या खांद्यावर उभे आहे तो तालुक्याचा वार्ताहर. तो बहुधा पूर्णवेळ नोकरदार नसतो. कुणाचे झेरॉक्सचे दुकान असते, कुणाची थोडी शेती, कुणी शिकवण्या घेतो. मानधन इतके तुटपुंजे की त्यावर घर चालणे अशक्य. म्हणून दिवाळी अंकाला, वर्धापनदिनाच्या पुरवणीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्यानेच जाहिराती गोळा करायच्या आणि त्यांवरच्या कमिशनवर भागवायचे. ज्या कारखान्याच्या अध्यक्षाकडून अर्ध्या पानाची जाहिरात आणायची, त्याच कारखान्याने ऊसबिल थकवल्याची बातमी त्यानेच द्यायची. तरीही अनेक वार्ताहर ती देतात. त्यासाठी धमक्या सोसतात, प्रसंगी मारही खातात. महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो उगाच नाही.

या माणसाचे मानधन वाढण्याचा एखादा खरा मार्ग असेल, तर तो त्याच्या एका कामाचे दोनदा मोल होण्यात आहे. कागदाची किंमत, छपाई, पहाटेची वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन हे सारे वाढत गेले. वाचक अंकासाठी पाच-सहा रुपयांच्या वर द्यायला कचरतो आणि जाहिरातदार मोबाइलकडे वळला. स्थानिक वृत्तपत्राला स्वतःचे किंवा भागीदारीतले रेडिओ केंद्र बातमीसाठी वापरता आले, तर तोच वार्ताहर सकाळी सात वाजता आपल्या आवाजात तालुक्याची बातमी सांगेल आणि दुसऱ्या दिवशी ती सविस्तर छापून येईल. कराडच्या कपड्याच्या दुकानदाराला, जळगावच्या ठिबक विक्रेत्याला जाहिरात द्यायला स्थानिक बातमीपत्रासारखी दुसरी जागा नाही. आज रेडिओवरची स्थानिक जाहिरात दोन गाण्यांच्या मध्ये अडकते आणि गाणे आवडले नाही की श्रोता केंद्र बदलतो. बातमीपत्रासाठी तो थांबतो.

कागदाच्या मर्यादा करोनाने एका झटक्यात दाखवल्या. १८ एप्रिल २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने वृत्तपत्रे छापायला परवानगी दिली, पण घरोघरी टाकायला मनाई केली. विक्रेते रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सरकारला काही दिवसांत आदेश बदलावा लागला. तोवर लाखो घरांत अंक येणे थांबले होते, आणि एकदा सुटलेली सवय सगळीकडे परत लागली नाही. त्या आठवड्यांत कोणत्या गल्लीत प्रतिबंधित क्षेत्र आहे, कोणत्या रुग्णालयात खाट आहे, रेशन कधी मिळणार, ही माहिती खरे तर प्रत्येक जिल्ह्याच्या रेडिओवर तासातासाला यायला हवी होती. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली, अर्धी खरी आणि अर्धी खोटी.

जपानमधल्या इशिनोमाकी या किनाऱ्यावरच्या शहराचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत तिथल्या ‘इशिनोमाकी हिबी शिंबुन’ या स्थानिक सायंदैनिकाचा छापखाना निकामी झाला. संपादक मंडळाने कोरडा राहिलेला छपाईचा कागद घेतला, जाड मार्करने हाताने बातम्या लिहिल्या आणि निवारा केंद्रांच्या भिंतींवर लावल्या. असे सहा दिवस चालले. बातमी पोहोचवण्यासाठी मिळेल ते माध्यम वापरण्याची जिद्द आपल्या तालुक्यांतल्या माणसांतही आहे. त्यांच्याकडे तर माइक तयार आहे, फक्त तो वापरायची परवानगी नाही.

आणि मालक, कंपनी, जाहिरात हा हिशेब बाजूला ठेवला तरी एक जागा उरते जिथे या मनाईचे समर्थन करणे फार कठीण जाते. ती म्हणजे सामुदायिक रेडिओ. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी फाउंडेशनचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र २००८ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालते. माण हा कायमचा दुष्काळी पट्टा. पाऊस हुलकावणी देतो, मेंढपाळ खांडे घेऊन कोकणाकडे किंवा घाटाखाली उतरतात, उन्हाळ्यात चारा छावण्या पडतात. म्हसवडच्या छावणीत हजारो जनावरे आणि त्यांच्यासोबत अख्खी कुटुंबे महिनोन्महिने राहिलेली आहेत. अशा मुलखात बायकांनी बायकांशी बोलणारे केंद्र असणे ही साधी गोष्ट नाही. जात्यावरच्या ओव्या, शेळीपालन, बचत गटाचा हिशेब, बँकेचे व्यवहार असे कितीतरी विषय त्यावर येतात. किमान निम्मा आशय स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा अशी या केंद्रांना सरकारचीच अट आहे, आणि ती अट चांगली आहे.

पण छावणीत चार दिवस पेंड आली नाही, एखाद्या वाडीवर टँकर कागदावरच फिरला, रोजगार हमीची मजुरी थकली, या गोष्टी त्या माइकवरून सांगता येत नाहीत. जेमतेम १०० वॅटची प्रसारणशक्ती, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला, ऐकणारे सगळे ओळखीचे. अशा केंद्रावरून देशाची सुरक्षा धोक्यात येईल, असे मानायला मन तयार होत नाही. देशात आज अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांना तासाला बारा मिनिटे जाहिराती घ्यायची मुभा दिली, त्याबद्दल मंत्रालयाचे आभार मानायलाच हवेत. म्हणजे या केंद्रांवर साबणाची जाहिरात तासाला बारा मिनिटे चालू शकते. गावच्या टँकरविषयी दोन मिनिटे का नकोत? ‘ट्राय’ची शिफारस खासगी एफएमविषयी आहे. ती मान्य करताना सामुदायिक केंद्रे मागे राहू नयेत, किंबहुना त्यांना आधी मुभा द्यावी. त्यांच्या पाठीशी पैसा नाही, पण गावाचा विश्वास आहे.

परवानगीबरोबर एक धोकाही येतो, आणि तो झाकून मागणी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेने १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली. काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रे जमा झाली. नॉर्थ डकोटा राज्यातल्या मायनॉट या छोट्या शहरातली सहाही व्यापारी केंद्रे तिचीच होती. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास तिथे मालगाडी रुळांवरून घसरली आणि टाक्या फुटून अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर पसरला. बाहेर कडाक्याची थंडी, घरांत वीज नाही. लोकांनी रेडिओ लावले. पोलिसांनी केंद्राला फोन केले, पण उचलायला कुणी मिळेना. केंद्रांवर दूरवरून आलेले तयार कार्यक्रम वाजत राहिले. एक माणूस मेला, शेकडो जखमी झाले. कंपनीने नंतर पोलिसांनी इशारा यंत्रणा नीट वापरली नाही असे सांगितले, आणि त्या यंत्रणेतही दोष होताच. पण सहा केंद्रे असलेल्या शहरात मध्यरात्री फोन घ्यायला माणूस नसावा, याची चर्चा तिथल्या संसदेपर्यंत गेली.

आपल्याकडच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका कंपनीला आपल्या जाळ्यातल्या केंद्रांवर देशभर तोच कार्यक्रम लावायची मुभा दिली आहे. गाण्यांसाठी ते ठीक असेल. बातमीसाठी ते चालू देऊ नये. नांदेडची बातमी इंदूरच्या स्टुडिओत बसून कुणी वाचली, तर मनाई उठवून काय साधले? म्हणून परवानगी देताना अट असावी की बातमीपत्र त्याच शहरात तयार होईल, तिथे पगारी बातमीदार असेल, आणि आपत्तीच्या दिवसांत रात्रीही कुणीतरी जागे असेल. दुसरी काळजी एकाच घराच्या वर्चस्वाची. शहरातले मोठे वृत्तपत्र आणि बातम्या देणारा एकमेव रेडिओ एकाच मालकाचा झाला, तर त्या मालकाला नको असलेली बातमी कुठेच येणार नाही. आजच्या धोरणानुसार शहरात किमान तीन वेगळे चालक असतील तरच एका कंपनीला तिथल्या चाळीस टक्क्यांपर्यंत वाहिन्या घेता येतात. पण वृत्तपत्र आणि रेडिओ यांची मिळून मोजणी होत नाही. ‘ट्राय’ने २०१४ मध्येच माध्यमांच्या मालकीविषयी सविस्तर शिफारशी केल्या होत्या, त्या बाहेर काढाव्यात. लहान वृत्तपत्रांनी, सहकारी संस्थांनी, पत्रकारांच्या संघांनी मिळून केंद्र घ्यायचे म्हटले तर त्यांना शुल्कात सवलत देण्याचाही विचार व्हावा.

आकाशवाणीचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण ती आपल्याच मंत्रालयाच्या परिघात येते. पुणे केंद्रावरून सकाळी सातच्या सुमारास येणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांची सकाळ लागते. दाढी, डबे, शाळेची रिक्षा सगळे त्या आवाजाच्या मागेपुढे. जून २०२३ मध्ये आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसारभारतीने पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा आदेश काढला. श्रोते, पत्रकार, लोकप्रतिनिधी सगळ्यांनी विरोध केला आणि तत्कालीन मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. स्थगिती दिली हे चांगले झाले. परंतु सरकारी रेडिओवरची प्रादेशिक बातमी आखडती घ्यायची आणि खासगीला ती देऊ द्यायची नाही, असे दोन्हीकडून झाले तर ऐकणाऱ्याने जायचे कुठे? सांगली, रत्नागिरी, जळगाव, परभणी, चंद्रपूर अशा केंद्रांत आकाशवाणीने पिढ्यांचा विश्वास मिळवला आहे. तिथे अर्धवेळ वार्ताहरांच्या आणि निवेदकांच्या जागा भरल्या तर खासगी बातमीपत्राला एक मोजमापही मिळेल : श्रोता दोन्ही ऐकेल आणि कोण खरे सांगतो ते ताडून पाहील.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मातृभाषेतला स्थानिक आशय वाढावा, हा त्यामागचा हेतू सरकारने सांगितला. महाराष्ट्रातली चंद्रपूर, यवतमाळ, लातूर, उदगीर, बार्शी, मालेगाव, नंदुरबार अशी शहरे त्या यादीत आहेत. यवतमाळमध्ये कापसाची खरेदी केंद्रे कधी उघडतात आणि कधी अचानक बंद होतात, हा शेतकऱ्याच्या घरातला रोजचा प्रश्न असतो. लातूर जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे, जेव्हा किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे भूकंपात गाडली गेली. त्याच लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर वृत्तपत्राचा अंक आजही उशिरा पोहोचतो, कुठे पोहोचतच नाही, आणि तिथली माणसे भिलीत, पावरीत बोलतात. छापील मराठी ज्यांना जड जाते, त्यांना त्यांच्या बोलीतली बातमी कानावरच मिळू शकते.

एफएमचा परवाना पंधरा वर्षांसाठी दिला जातो. या शहरांतल्या परवान्यांवर सही होताना जुने कलम तसेच राहिले, तर आज पहिलीत बसलेले उदगीरचे मूल पदवीधर होईपर्यंत त्याच्या शहरातल्या खासगी रेडिओवर त्याच्या शहराची बातमी येणार नाही. म्हणून विनंती आहे की नव्या शहरांतली केंद्रे सुरू होण्यापूर्वी धोरणातले ते कलम बदलावे, जुन्या केंद्रांना आणि सामुदायिक केंद्रांना तोच बदल लागू करावा, आणि तसे करताना म्हसवडसारख्या ठिकाणी केंद्र चालवणाऱ्या बायकांचे आणि तालुक्याच्या वार्ताहरांचे म्हणणे दिल्लीत बोलावून ऐकावे. त्यांना हिंदी-इंग्रजी अडचणीचे वाटेल, तेव्हा दुभाष्याची सोय ठेवावी.

कळावे.

महाराष्ट्रातल्या एका जिल्हा दैनिकाचा वाचक आणि आकाशवाणीचा श्रोता